फॅक काढून टाकलं तर पेशीची पकड वाढते, मग चाल का मंदावते? आणि रो नेमका कोणाच्या बाजूचा?

धानपट्टा (साकोली, जि. भंडारा)

नमस्कार. बीएस्सी तृतीय वर्षाला पुढच्या आठवड्यात पेशींची पकड आणि हालचाल हा भाग घ्यायचा आहे. बाहेरच्या फायब्रोनेक्टिन या प्रथिनाला पेशीपडद्यातलं इंटिग्रिन धरतं, आतून टॅलिन, विन्क्युलिन, पॅक्सिलिन यांची साखळी अ‍ॅक्टिनच्या तंतूंपर्यंत जाते आणि या जोडावर फॅक (फोकल अ‍ॅडहिजन कायनेज) व सार्क ही दोन टायरोसिन कायनेज, म्हणजे प्रथिनांच्या टायरोसिनवर फॉस्फेट लावणारी विकरं, बसतात. इथपर्यंत मुलांना पटतं. अडचण पुढे आहे.

फॅक हे पकडीच्या जागेवरचं प्रथिन, म्हणजे ते नसेल तर पकड सैल व्हायला हवी. पण १९९५ साली फॅकचा जनुक काढलेल्या उंदरांच्या पेशी तपासल्या तेव्हा उलटंच दिसलं. फोकल अ‍ॅडहिजन (पेशीचे पकडबिंदू) जास्त झाले आणि पेशींची चाल मंदावली. हे मुलांना कसं सांगावं?

दुसरा घोळ रो या स्विचसारख्या प्रथिनाचा. एका पुस्तकात लिहिलंय की रो सक्रिय झाला की ताणतंतू (अ‍ॅक्टिनच्या जाड जुड्या) आणि घट्ट पकड तयार होते, म्हणजे तो चालीला अडसर. दुसऱ्या पुस्तकात रो बंद केला तर पेशीची शेपूट सुटत नाही, म्हणजे तो चालीला हवाच. दोन्ही खरं कसं?

आणि तिसरं: आमच्याकडे सीओटू इनक्युबेटर नाही, पेशीसंवर्धनाची खोली नाही. एक साधा सूक्ष्मदर्शक आहे आणि मोबाइल आहेत. एवढ्यावर मुलांना चालणारी पेशी दाखवता येईल का?

चिखलणी

मॅडम, पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या गावच्या बांधीतच आहे. रोवणीच्या दिवसांत चिखलातून चालताना पाय रोवावा लागतो, त्यावर भार द्यावा लागतो आणि मग तोच पाय उपसावा लागतो. रोवला नाही तर माणूस घसरतो. उपसता आला नाही तर पिंडरीपर्यंत चिखलात अडकून जागीच उभा राहतो. त्याची पकड तेव्हा सगळ्यात घट्ट असते आणि चाल शून्य. पेशीचंही असंच आहे. ती किती चिकटली यापेक्षा जुनी पकड सोडून नवी किती लवकर धरते, यावर तिची चाल ठरते. फॅक मुख्यतः पाय उपसण्याच्या बाजूचं प्रथिन आहे, एवढं सांगितलं की १९९५चा निकाल कोडं राहत नाही.

आता आतलं यंत्र. पेशीच्या पुढच्या कडेला सतत नव्या पकडी बनतात, प्रत्येक पाव मायक्रोमीटरपेक्षाही लहान. त्यातल्या बहुतेक मिनिटभरात विरघळतात. ज्यांच्यावर आतून मायोसिन या अ‍ॅक्टिन ओढणाऱ्या प्रथिनाचा ताण येतो त्याच टिकतात, लांबट होतात आणि काही मायक्रोमीटरच्या फोकल अ‍ॅडहिजन बनतात. ताण कळतो टॅलिनमुळे. टॅलिनचं डोकं इंटिग्रिनच्या आतल्या शेपटीला धरतं (किंडलिन त्याच शेपटीवर शेजारी बसतं, दोघं मिळून इंटिग्रिन उघडतात) आणि टॅलिनचा दांडा अ‍ॅक्टिनला. दांड्यात १३ गुंडाळ्या आहेत. सुमारे ५ पिकोन्यूटन ताण आला की त्यातली तिसरी गुंडाळी उलगडते आणि आत दडलेली विन्क्युलिनची जागा मोकळी होते. विन्क्युलिन येऊन बसलं की जोड पक्का. इथपर्यंत सगळं पाय रोवण्याचं काम झालं.

फॅक इथे पॅक्सिलिन आणि टॅलिनच्या ओळखीने येतं. गोळा झालं की ३९७ क्रमांकाच्या टायरोसिनवर स्वतःच फॉस्फेट लावून घेतं. ती खूण सार्कचा एसएच-२ भाग ओळखतो. सार्क तिथे बसला की फॅकच्या ५७६ आणि ५७७ या टायरोसिनवर फॉस्फेट लावतो आणि फॅक पूर्ण जोरात येतं. मग ही जोडी पॅक्सिलिनच्या ३१ आणि ११८ या टायरोसिनवर आणि पी१३०-कॅसवर फॉस्फेट लावते. कॅसवर क्रक बसतो, क्रकसोबत डॉक-१८० येतो, आणि डॉक-१८० रॅकला (रोच्याच कुळातला, पेशी पुढे सरकवणारा स्विच) जीटीपी देऊन चालू करतो. म्हणजे पकड जिथे झाली तिथूनच पुढे सरकण्याचा हुकूम निघतो.

मुलांनी हे सगळे आकडे पाठ करायची गरज नाही. एक गोष्ट मात्र फळ्यावर ठळक लिहा: याच जोडीकडून पी१९०-रोगॅपवर फॉस्फेट लागतं, आणि हा रोगॅप रोला बंद करतो. फॅक नसेल तर रो बंद व्हायचा तो होत नाही. २०००च्या सुमारास हे मोजून दाखवलं गेलं: फॅक नसलेल्या पेशींत रोची सक्रियता कायम चढलेली असते. रो चढला की मायोसिन ओढत राहतं, ताण राहतो, टॅलिन उलगडलेलं राहतं आणि पकड विरघळत नाही. तुमचा पहिला आणि दुसरा प्रश्न असे एकाच जागी येऊन मिळतात.

पकड सोडायला याशिवाय दोन वाटा आहेत. कॅल्शियम वाढलं की कॅल्पेन हे प्रथिनं कापणारं विकर टॅलिनचं डोकं आणि दांडा यांच्यामधली मान तोडतं. दुसरं, सूक्ष्मनलिकांची टोकं पकडबिंदूवर वारंवार येऊन आदळतात आणि तिथे डायनामिनच्या मदतीने इंटिग्रिन आत ओढून घेतलं जातं. या दुसऱ्या वाटेलाही फॅक लागतं. नोकोडाझोल देऊन सूक्ष्मनलिका मोडल्या की पकडबिंदू फुगतात, औषध धुऊन काढलं की काही मिनिटांत विरघळतात. वर्गात एकच चित्रफीत दाखवायची असेल तर ही दाखवा. उपसणं म्हणजे काय ते डोळ्यांनी दिसतं.

एका चुकीपासून मात्र सावध राहा. फॅकला 'पकड सैल करणारं प्रथिन' म्हणून मोकळं होऊ नका. नुकत्याच टाकलेल्या पेशीला फायब्रोनेक्टिनवर पसरायला फॅक मदतच करतं. त्याच्याशिवाय पेशी पसरतात, पण उशिरा.

वैनगंगाकाठ

चिखलणी सरांनी वाट मोकळी केलीच आहे, मी फक्त रोबद्दल लिहितो, कारण पुस्तकं इथे खरंच गोंधळ घालतात.

गोंधळाचं मूळ १९९२चे प्रयोग आहेत. प्रयोग उत्तम होते, पण ते थांबलेल्या पेशींवर होते. स्विस ३टी३ पेशी (उंदराचे फायब्रोब्लास्ट, म्हणजे जोडऊतीतल्या पेशी) सीरमशिवाय उपाशी ठेवल्या आणि रो दिला तर ताणतंतू व फोकल अ‍ॅडहिजन उगवले. रॅक दिला तर कडेला पडद्यासारखी घडी उठली. १९९५मध्ये सीडीसी-४२ हा त्याच कुळातला तिसरा स्विच आला, त्याने बोटांसारखे फिलोपोडिया काढले. तेव्हापासून 'रॅक म्हणजे पुढे, रो म्हणजे मागे' हे वाक्य पुस्तकांत बसलं. परीक्षेपुरतं ठीक आहे. चालत्या पेशीत मात्र तेवढ्याने भागत नाही.

रो हा स्विच आहे हे आधी नीट सांगा. जीडीपी धरलेला असताना बंद, जीटीपी धरला की चालू. चालू करणारे जीईएफ, बंद करणारे गॅप, आणि बंद स्विचला पडद्यावरून उचलून पेशीद्रवात झाकून ठेवणारे जीडीआय. माणसात रो कुळातले स्विच २०च आहेत, पण त्यांना चालू-बंद करणारे हात शंभराच्या वर आहेत. याचा अर्थ असा की खरी माहिती स्विचमध्ये नसून कोणता हात, पेशीच्या कोणत्या कोपऱ्यात, किती सेकंद तो दाबतो यात आहे. 'रो चालू की बंद' असा पूर्ण पेशीचा प्रश्न विचारला की दोन पुस्तकं दोन उत्तरं देणारच.

२००९मध्ये चमकणारे संवेदक लावून उंदराच्या भ्रूणाच्या फायब्रोब्लास्टमध्ये तिन्ही स्विच बघितले गेले. कड पुढे सरकते त्याच क्षणी कडेवर रो चालू होतो. रॅक आणि सीडीसी-४२ हे सुमारे ४० सेकंदांनी आणि कडेपासून साधारण २ मायक्रोमीटर मागे चालू होतात. म्हणजे रो पुढेही आहे. फरक हाताखालच्या गड्यांचा आहे. कडेवर रोच्या हाताखाली फॉर्मिन असतात, ते अ‍ॅक्टिनचे सरळ तंतू लांबवतात. मागच्या बाजूला रोच्या हाताखाली रॉक हे कायनेज असतं. ते मायोसिनच्या हलक्या साखळीवर, सेरिन-१९ वर, फॉस्फेट लावतं आणि फॉस्फेट काढणाऱ्या फॉस्फटेजलाही बांधून ठेवतं. दुहेरी काम, म्हणून ओढ एवढी जोरदार. रॅक या सगळ्यात वेव्ह या प्रथिनामार्फत एआरपी-२/३ या प्रथिनसंकुलाला हलवतो, आणि तो जुन्या तंतूवर ७० अंशांच्या कोनात नवी फांदी काढतो. या फांद्यांच्या जाळ्यानेच पडदा पुढे ढकलला जातो.

आता मॅडमच्या 'दोन्ही खरं कसं' याकडे. उत्तर पेशी कोणती आणि जमीन किती चिकट, यावर आहे. मोनोसाइटसारख्या पांढऱ्या रक्तपेशीत रो बंद केला तर पुढचं टोक पळतं, शेपूट मागे अडकते, पेशी रबरासारखी लांब होते. चाल कमी. त्याच्या उलट फायब्रोब्लास्टच्या थरात ओरखडा ओढून रॉक बंद केलं तर ताणतंतू व मोठे पकडबिंदू विरघळतात आणि तरीही पेशी खुशाल चालतात. १९९९च्या ओरखड्याच्या प्रयोगांत नेमकं हेच आलं: पकड टिकवायला थोडा रो लागतो, पण ताणतंतू आणि मोठे पकडबिंदू चालण्यासाठी गरजेचे नाहीत.

मुलांना आलेख काढून द्या. आडव्या अक्षावर पकडीची ताकद, उभ्यावर वेग. आलेख टेकडीसारखा येतो, मधे शिखर. १९९७मध्ये सीएचओ (चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातल्या) पेशींवर इंटिग्रिन आणि फायब्रोनेक्टिनचं प्रमाण बदलून हा आलेख मोजला गेला. तुमची पेशी शिखराच्या उजवीकडे असेल, म्हणजे आधीच जास्त चिकटलेली, तर रो कमी केल्यावर वेग वाढेल. डावीकडे असेल तर घटेल. एकच औषध, दोन उलट निकाल, आणि दोन्ही बरोबर. यवतमाळ-वर्ध्याच्या काळ्या मातीत पाऊस पडल्यावर आणि बरडावर चालायला एकच चप्पल घातली तर जे होतं, तेच हे.

धानपट्टा

दोघांचेही मनापासून आभार. टेकडीचा आलेख तर उद्याच फळ्यावर काढते. आता तिसऱ्या प्रश्नाचं कोणी सांगेल का? खर्च कमी आणि एका दिवसात होईल असं हवं. भागात तलाव भरपूर आहेत, मासे मिळतात, पण त्याचा उपयोग होईल का ते ठाऊक नाही.

प्रयोगवही

ताई, मासेच वापरा. माशाच्या खवल्यावरच्या त्वचेतल्या केरॅटोसाइट पेशी या कामाला सगळ्यात सोयीच्या. फायब्रोब्लास्ट मिनिटाला एक मायक्रोमीटरही जेमतेम सरकतो. केरॅटोसाइट मिनिटाला १० ते ३० मायक्रोमीटर जाते, म्हणजे आयपीसमधून बघता बघता चालताना दिसते. खोलीच्या तापमानावर जगते आणि सीओटू लागत नाही. गोल्डफिश आणि तिलापिया दोन्हींवर जमतं. तुमच्याकडे मालगुजारी तलावांतून तिलापिया मिळेलच.

जिवंत माशाचे खवले काढायचे तर संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी आधी हवी. खाण्यासाठी पकडलेला, जाळ्यातून नुकताच निघालेला मासा घेतला तर सोपं पडतं. ओल्या फडक्यात, थंड ठेवून दोन-तीन तासांत प्रयोगशाळेत आणा. मासे विकणाऱ्याने सुरीने खरवडलेले खवले चालत नाहीत. त्वचेचा पातळ थर तिथेच फाटतो. बारीक टोकाच्या चिमट्याने कुशीतून एक-एक खवला, मोकळी कड धरून, शेपटीच्या दिशेने सरळ ओढा.

धुण्याचं द्रावण एक लिटर: मीठ, म्हणजे शुद्ध सोडियम क्लोराइड, ६.५५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.१५ ग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट ०.२० ग्रॅम, दोन पाण्याचं (डायहायड्रेट) कॅल्शियम क्लोराइड ०.१५ ग्रॅम, ट्रिस ०.१२ ग्रॅम. सामू ७.३. कॅल्शियम सगळ्यात शेवटी, वेगळं विरघळवून घाला, नाहीतर बायकार्बोनेटसोबत दुधाळ साका बसतो. घरचं मीठ नको, त्यात आयोडीन आणि गुठळ्या न होण्यासाठीचं रसायन असतं. तलावाच्या माशावर जिवाणू भरपूर असतात, म्हणून पेनिसिलिन १०० युनिट आणि स्ट्रेप्टोमायसिन १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली घालून खवला तीन-चार वाट्यांतून धुवा.

कव्हरस्लिप ७० टक्के अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवा. तेलकट बोट लागलं की पेशी धरतच नाहीत, आणि 'प्रयोग फसला' यातली निम्मी प्रकरणं इथलीच असतात. खवल्याची बाहेरची, त्वचेची बाजू वर ठेवून तो कव्हरस्लिपवर टाका आणि अर्धा ते एक मिनिट जादा पाणी टिपून घ्या, म्हणजे तो बसेल. खवला वाकडा असतो, उचलला जातो. वरून दुसरी कव्हरस्लिप ठेवून तिच्यावर छोटा स्वच्छ नट ठेवा. मग एल-१५ हे पेशी जगवण्याचं माध्यम घाला, त्यात १० टक्के सीरम, १४ मिलिमोलर हेपेस आणि वरचीच प्रतिजैविकं. एल-१५ला सीओटू लागत नाही, कारण त्यात बायकार्बोनेटच्या जोरावर सामू राखलेला नसतो. हाच या प्रयोगाचा कणा आहे. डीएमईएम हे नेहमीचं माध्यम वापरलं तर उघड्या हवेत काही वेळात ते गुलाबीवरून जांभळं होतं आणि पेशी गोळा होतात.

काही तासांपासून एका रात्रीत पेशींचा थर खवल्याखालून पंख्यासारखा बाहेर येतो. एकेकटी पेशी हवी असेल तर थर सुटा करावा लागतो. ८५ मिली पीबीएस (फॉस्फेटचं क्षारद्रावण), १५ मिली पाणी आणि ९५ मिलिग्रॅम ईजीटीए (हे २.५ मिलिमोलर होतं), सामू ७.४. ईजीटीए आम्लात विरघळत नाही, आधी सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकून विरघळवा, मग सामू खाली आणा. पाच मिनिटं, जास्त नको. ईजीटीए कॅल्शियम ओढून घेतं, त्यामुळे पेशी-पेशीमधलं कॅडहेरिन सुटतं. जास्त वेळ ठेवलं तर काचेवरची पकडही जाते, कारण इंटिग्रिनलाही हे आयन लागतात. मग परत माध्यम घालून १५-२० मिनिटं थांबा. पेशी आधी गोल, मग पसरतात, मग त्यातल्या काही एका बाजूला कड काढून निघतात.

सूक्ष्मदर्शकाला फेज-कॉन्ट्रास्टची सोय नसेल तरी दिसतं. कंडेन्सर थोडा खाली आणा, डायफ्रॅम जवळजवळ बंद करा. पुढचा पंखा फार पातळ आणि फिका असतो, मागचा गोळा ठळक. मोबाइल आयपीसला पट्टीने बांधा, १० सेकंदांना एक फोटो, १० मिनिटं. ४०चं लेन्स टाळा. मिनिटाला २० मायक्रोमीटरने पेशी १० मिनिटांत २०० जाते आणि चौकटीबाहेर निघते. १० किंवा २०चं पुरे. स्टेज मायक्रोमीटरचा एक फोटो त्याच लेन्सवर, मोबाइलचा झूम न बदलता घ्या. मोजायला इमेज-जे हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

आता रो-रॉकचा भाग. वाय-२७६३२ हे रॉकचं अवरोधक पाण्यात विरघळतं: ३.२ मिलिग्रॅम एक मिली पाण्यात म्हणजे १० मिलिमोलर साठा. त्यातला १ मायक्रोलिटर एक मिली माध्यमात, म्हणजे १० मायक्रोमोलर. तुलनेच्या भांड्यात तेवढंच पाणी. आणि इथे काय मोजायचं ते महत्त्वाचं आहे. आधीच चालणाऱ्या पेशी रॉक बंद झाल्यावरही चालत राहतात, फक्त आकार बिघडतो आणि मागची बाजू रेंगाळते. फरक थांबलेल्या गोल पेशींत दिसतो. त्यांना चालायला सुरुवात करायची तर एका बाजूला मायोसिनने कड आत ओढावी लागते. ती बाजू मागची ठरते आणि उरलेली आपोआप पुढची. रॉक बंद असेल तर चालायला लागणाऱ्या पेशींचं प्रमाण घटतं. म्हणून वेग मोजत बसू नका. ५० गोल पेशी निवडा आणि २० मिनिटांत किती निघाल्या ते मोजा. मग तीन वेळा धुऊन परत मोजा, औषध सुटून जातं.

ब्लेबिस्टॅटिन (मायोसिनचं अवरोधक) घ्यायचं असेल तर निळ्या उजेडापासून जपा. निळ्या प्रकाशात ते निकामीही होतं आणि पेशीला विषारीही ठरतं. दिव्यावर लाल जिलेटिन कागद लावा.

उन्हाळ्यात हे करू नका. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे खोलीच ४० अंशांच्या आसपास जाते आणि हवा कोरडी. थेंबातलं पाणी उडतं, मिठाची तीव्रता वाढते आणि पेशी आक्रसतात. दिसताना ते औषधाचा परिणाम वाटतं. व्हॅसलिन, लॅनोलिन, पॅराफिन सम प्रमाणात वितळवून कडा बंद करा, आणि डिसेंबर-जानेवारीत ठेवा. तापमानासोबत वेगही वाढतो, त्यामुळे सकाळचा तुलनेचा गट आणि दुपारचा औषधाचा गट असं कधीच करू नका. दोन्ही शेजारी-शेजारी, थर्मामीटर लावून.

चिखलणी

प्रयोगवही भाऊंनी फार नेमकं लिहिलं. एक मर्यादा जोडतो: केरॅटोसाइटमध्ये फायब्रोब्लास्टसारखे ठळक फोकल अ‍ॅडहिजन नसतात, पकडी लहान आणि अल्पायुषी असतात. म्हणूनच ती एवढी पळते. फॅक काढल्यावर पकड वाढते हे या पेशीत दाखवायला जाऊ नका. ते चित्रफितीवरच ठेवा.

आणखी एक मुलांना नक्की दाखवा. थर सुटा करताना कधीकधी पेशीचा केंद्रक नसलेला तुकडा तुटून निघतो आणि तोही पंख्याचा आकार धरून एकटा चालत राहतो. १९८४मध्ये दाखवलं गेलं की अशा तुकड्यांना सूक्ष्मनलिकाही लागत नाहीत. जनुक नाही, केंद्रक नाही, तरी दिशा आहे. जे काही ठरतं ते त्या पातळ पडद्यातल्या अ‍ॅक्टिन, मायोसिन आणि स्विचांमध्येच ठरतं.

काळी_माती (वणी)

ज्यांना एमएस्सीच्या प्रकल्पासाठी नागपूरला एखाद्या प्रयोगशाळेत फायब्रोब्लास्टवर काम करायला मिळतं त्यांच्यासाठी थोडं, कारण तिथे वेळ मोजून मिळतो आणि हमखास त्याच चुका होतात.

ओरखड्याच्या प्रयोगात भेग भरली म्हणजे पेशी चालल्या, असं धरू नका. पेशी वाढून, दुभंगूनही भेग भरते. सीरम कमी ठेवा किंवा आधी मायटोमायसिन-सी १० मायक्रोग्रॅम प्रति मिली दोन तास देऊन धुवा. २०० मायक्रोलिटरच्या टिपने ओरखडताना जोर दिला तर खालचा फायब्रोनेक्टिनचा लेपही निघतो. मग पेशी भेगेच्या काठावर थबकतात आणि तुम्ही दोष औषधाला देता.

फॅकचं टायरोसिन-३९७ वेस्टर्न ब्लॉटवर बघायचं असेल तर सोडियम ऑर्थोव्हॅनेडेट घालावंच लागतं, पण ते 'जागं' केलेलं हवं. २०० मिलिमोलर द्रावण, सामू १०, पिवळं होतं. उकळा, रंग जाईपर्यंत. थंड करा, सामू पुन्हा १०, पुन्हा उकळा. रंगहीन राहून सामू स्थिर होईपर्यंत हेच. न उकळलेल्या द्रावणात व्हॅनेडेटचे गुच्छ असतात आणि ते फॉस्फटेज नीट अडवत नाहीत. ब्लॉट झाकायला दूध नको, बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घ्या. दुधातल्या केसिनवर स्वतःच फॉस्फेट असतं. तुलनेसाठी तरंगत्या पेशी ठेवा: उचलून, सीरमशिवाय, अर्धा तास द्रवात. त्यांच्यात ३९७ची पट्टी फिकी यायला हवी. तीही ठळक आली तर तुमचा निकाल पकडीमुळे आलेला नाही.

रो-जीटीपी ओढून काढायचा प्रयोग (चालू रोलाच धरणाऱ्या रोटेकिन प्रथिनाच्या तुकड्याने) हा वेळेचा खेळ आहे. पेशी फोडल्याक्षणी जीटीपी तुटायला लागतो. बफरमध्ये मॅग्नेशियम १० मिलिमोलर किंवा जास्त, सगळं बर्फावर, एका वेळी दोनच प्लेट, आणि प्लेटवरून उरलेलं पीबीएस पूर्ण शोषून घ्या. एक प्लेट तीन मिनिटांत आणि दुसरी दहा मिनिटांत हाताळली तर त्या दोघींतला फरक तुमच्या हाताचा असतो, औषधाचा नसतो.

धानपट्टा

शेवटची एक विचारणा. भागात सिकलसेलचे रुग्ण आहेत, मुलांना तो आजार घरातून माहीत आहे. या विषयाशी तो जोडता येईल का, की ओढूनताणून होईल?

वैनगंगाकाठ

ओढूनताणून अजिबात होणार नाही, मॅडम. सिकलसेलमध्ये लाल पेशी वाकड्या होतात म्हणून अडकतात, एवढंच सहसा शिकवलं जातं. त्या चिकटतातही. सिकल रुग्णाच्या कोवळ्या लाल पेशींवर, म्हणजे रेटिक्युलोसाइटवर, अल्फा-४-बीटा-१ इंटिग्रिन शिल्लक असतं आणि ते रक्तवाहिनीच्या अस्तरावरच्या व्हीकॅम-१ या प्रथिनाला धरतं.

तुमच्या विषयाचा भाग असा की ही पकड आतल्या संकेताने वाढते. लाल पेशीवरचं ल्युथेरन प्रथिन रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या लॅमिनिनला धरतं. अ‍ॅड्रिनॅलिन आलं की पेशीत सीएएमपी वाढतं, पीकेए हे कायनेज चालू होतं आणि ल्युथेरनच्या शेपटीतल्या सेरिन-६२१ वर फॉस्फेट लावतं. मग लॅमिनिनवरची पकड घट्ट होते. केंद्रक नाही, नवं प्रथिन बनत नाही, फक्त एक फॉस्फेट.

फळ्यावर काढताना इंटिग्रिन आणि ल्युथेरन वेगवेगळ्या रंगांत काढा. ल्युथेरन हे इंटिग्रिन कुळातलं नाही, इम्युनोग्लोब्युलिन कुळातलं आहे, आणि मुलं इथे हमखास सरमिसळ करतात. शिवाय लाल पेशी स्वतः चालत नाही, तिला रक्त वाहून नेतं, म्हणून तिच्यासाठी टेकडीचा आलेख वापरू नका. तिथे पकड आणि प्रवाहाचा जोर यांचीच तुलना करायची.